धनंजयराव गाडगीळ आणि योजनांचा हिशेब

सप्टेंबर १९६७ मध्ये केंद्रीय नियोजन मंडळाची पुनर्रचना झाली आणि पुण्याचे प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीच्या योजना भवनात रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. या नेमणुकीत एक विलक्षण योग होता. ज्या मंडळाच्या कारभारावर त्यांनी आदल्या दहा-बारा वर्षांत व्याख्यानांतून आणि लेखांतून भीडभाड न ठेवता टीका केली होती, त्याच मंडळाची सूत्रे आता त्यांच्या हाती आली होती. टीकाकाराला खुर्चीवर बसवून तूच करून दाखव म्हणावे, तसाच हा प्रकार होता. खुर्ची मात्र त्या वेळी मुळीच सुखाची नव्हती.

लागोपाठ दोन वर्षे देशात अवर्षण पडले होते. १९६६ या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून, आणावे लागले होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला होता. चौथ्या योजनेचा पहिला मसुदा बाजूस ठेवावा लागला होता आणि एकेका वर्षाच्या योजनांवर वेळ निभावून नेली जात होती. योजनांना सुटी, असे लोक तिला उपहासाने म्हणत. आधीच्या तीन योजनांचा हिशेबही सर्वांपुढे होता. पहिल्या योजनेने राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचे वार्षिक उद्दिष्ट शेकडा २.१ एवढे माफक ठेवले होते, प्रत्यक्षात वाढ ३.६ झाली, तिला पावसाने हात दिला होता, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या योजनेत उद्दिष्ट ४.५ आणि सिद्धी ४.२ च्या आसपास. तिसऱ्या योजनेत ५.६ ची आकांक्षा धरली आणि पदरात पडले जेमतेम त्याच्या निम्मे. उद्दिष्टे चढत गेली आणि सिद्धी त्यांच्या मानाने मागे पडत गेली. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर गाडगीळांनी आयुष्यभर शोधले होते, आणि ते त्यांना एखाद्या गणिती प्रतिमानात नव्हे, तर फळबाजारात, मोटारबसच्या अड्ड्यावर आणि उसाच्या मळ्यात सापडले होते.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात आणि पुढचे केंब्रिजमध्ये. तेथे त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला. तो १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखक तेवीस वर्षांचा होता. पुढे कितीतरी पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तो क्रमिक पुस्तकासारखा वाचला. जुने हस्तव्यवसाय कसे मोडले, रेल्वेने शेतमालाची बाजारपेठ कशी बदलली, कारखानदारी आली पण समाजाच्या मोठ्या भागाला स्पर्श न करता कशी आली, याची ती साधार कहाणी होती. राष्ट्रवादी आवेशाने इंग्रजी राज्याला दोष देणे किंवा राज्यकर्त्यांच्या चष्म्यातून प्रगतीचे गोडवे गाणे, हे दोन्ही सोपे मार्ग त्यांनी टाळले. मायदेशी परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी झाली आणि त्यानंतर सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी पाचेक वर्षे सांभाळले.

१९३० साली सातारचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाखाली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे संचालक झाले. ते १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या पदावर होते. संस्थेच्या पहिल्या काही वर्षांतील पाहण्यांचे नुसते विषय पाहिले तरी त्यांच्या विचाराची दिशा कळते. पुण्यात येणारी फळे कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातात आणि दर हातबदलाला भावात काय फरक पडतो. मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांत मोटारबसचा धंदा कसा चालतो. वाई तालुक्यातील शेतकऱ्याचा जमाखर्च काय सांगतो. पुणे शहरातील कुटुंबे किती मिळवतात आणि कशावर खर्च करतात. अर्थशास्त्राच्या भारदस्त ग्रंथांना असल्या विषयांचे वावडे होते. या पाहण्यांसाठी माणसांना घरोघर आणि गाड्यागाड्यांपाशी जाऊन विचारावे लागे आणि मिळालेली उत्तरे ताडून पाहावी लागत. देशाचे नियोजन करायचे तर देशात काय चालले आहे हे आधी मोजले पाहिजे, हा साधा विचार त्यामागे होता. आज तो कोणालाही पटेल. पण १९३० च्या सुमारास स्वतःच्या हिमतीने असे मोजमाप करणाऱ्या संस्था देशात अगदी मोजक्या होत्या. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तेव्हा प्रा. महालनोबिस अध्यक्ष आणि गाडगीळ व डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे दोघे सभासद होते. पुढच्या साऱ्या योजनांच्या टक्केवाऱ्या ज्या पायावर उभ्या राहिल्या तो पाया घालण्यात पुण्याच्या या पाहणीपरंपरेचाही हात होता.

तथापि गाडगीळांना केवळ पाहणी करणारे अभ्यासक समजणे चुकीचे होईल. नगर जिल्ह्यात भंडारदऱ्याचे धरण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, पण त्या उसाने बागायतदार सुखी झाला असे घडले नाही. गुळाचे भाव कोसळले की तो सावकाराच्या आणि अडत्याच्या दारात उभा. साखर कारखाने खाजगी कंपन्यांचे होते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे शिक्षणाने फार पुढे न गेलेले, पण व्यवहाराची विलक्षण जाण असलेले शेतकरी. गावात पतपेढी काढून सावकारी पाशातून काही घरे त्यांनी आधीच सोडवली होती. कारखाना शेतकऱ्यांनी स्वतःच का काढू नये, या कल्पनेला गाडगीळांच्या रूपाने हिशेब येणारा माणूस मिळाला. वैकुंठभाई मेहतांचा सरकारदरबारी आधार होताच. १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. सुमारे दहा वर्षे त्यांनी ते पद सांभाळले.

केंब्रिजचा पदवीधर आणि लोणीचा पाटील ही जोडी वरवर पाहता विजोड वाटते. परंतु कारखान्याच्या यशाचे मर्म या जोडीतच होते. विखे पाटलांनी गावोगाव हिंडून माणसे जोडली आणि भाग गोळा केले. गाडगीळांनी कर्ज, यंत्रसामग्री आणि हिशेब यांची व्यवस्था लावली आणि व्यवस्थापन जाणकारांच्या हाती राहील असे पाहिले. येथे त्यांना जे दिसले ते कोणत्याही योजनेच्या मसुद्यात त्या वेळी नव्हते. भांडवल केवळ करातून, परदेशी कर्जातून किंवा नोटा छापून उभे राहते असे नाही. शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून थोडीथोडी ठेव कापूनही ते उभे राहते. मात्र ती ठेव कोठे गेली हे विचारण्याचा हक्क आणि विचारण्याजोगी जागा, दोन्ही त्याला मिळायला हवीत. पुढे या कारखान्यांचे काय झाले हा वेगळा विषय आहे. सत्तेची संस्थाने म्हणून त्यांचा वापर झाला, लागवडीखालील थोड्याशा जमिनीवरच्या उसाने महाराष्ट्राच्या सिंचनाचे फार मोठे पाणी घेतले आणि जिरायती शेतकरी कालव्याबाहेर कोरडाच राहिला. प्रवरेच्या प्रयोगाने कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न सुटला नाही, हे मान्यच केले पाहिजे.

तो प्रश्न अखिल भारतीय पातळीवर गाडगीळांपुढे आला तो ग्रामीण पतपाहणीच्या निमित्ताने. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या या पाहणीच्या मार्गदर्शक समितीवर अध्यक्ष ए. डी. गोरवाला यांच्यासमवेत गाडगीळ होते. १९५१-५२ मध्ये भारतातील शेतकऱ्याने जे कर्ज काढले त्यांतील सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१ होता, सरकारचा ३.३ आणि व्यापारी बँकांचा तर शेकडा एकही नव्हता. जवळजवळ सत्तर टक्के कर्ज सावकारांचे होते. सहकारी चळवळीला त्या वेळी पन्नास वर्षे होत आली होती! १९५४ च्या अहवालाने सहकार फसला हे कबूल केले, पण सहकार यशस्वी झालाच पाहिजे असाही निष्कर्ष काढला. त्यासाठी सोसायट्यांच्या भागभांडवलात सरकारने भागीदारी करावी, कर्ज, विक्री आणि गोदामे यांची एकत्र सांगड घालावी, आणि ग्रामीण भागात शाखा उघडणारी एक मोठी सरकारी बँक असावी, अशा शिफारशी त्यात होत्या. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती याच अहवालाच्या पार्श्वभूमीवर.

म्हणजे दुसऱ्या योजनेचा आराखडा देशापुढे आला तेव्हा गाडगीळांपाशी पंचवीस वर्षांच्या पाहण्यांचा आणि एका चालत्या कारखान्याचा अनुभव जमा होता. दुसरी योजना महालनोबिस यांच्या प्रतिमानावर उभी होती. पोलाद, यंत्रे, वीज असा पाया आज घातला तर उद्या वेगाने वाढता येईल, हे तिचे तर्कशास्त्र. प्रा. शेणॉय यांनी तिच्यावर वेगळ्याच दिशेने टीका केली. एवढा पैसा बचतीतून उभा राहणार नाही, तुटीच्या अर्थभरण्याने महागाई होईल, असे त्यांचे म्हणणे. गाडगीळांचा आक्षेप हा नव्हता. राज्याने नियोजन करावे, मोठे उद्योग काढावेत, हे त्यांना मान्य होते. त्यांचे दुखणे असे की, योजना गुंतवणुकीचे आकडे ठरवते आणि धोरण ठरवत नाही. धान्याचे भाव कोण आणि कसे बांधणार, मजुरी आणि नफा यांचे प्रमाण काय राहणार, कोणत्या जिल्ह्याला काय मिळणार, यांबद्दल योजना मौन बाळगते. आणि मग भाव चढले, परकीय चलन संपले की सारे गणित कोसळते. १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईने या टीकेला दुर्दैवाने दुजोरा दिला.

दुसरा आक्षेप मंडळाच्या रचनेवर होता. केंद्रातील मंत्री मंडळाचे सभासद, मंडळाचे सभासद मंत्र्यांसारखे वागणारे, आणि तज्ज्ञांचे स्वतंत्र मत म्हणून काही उरलेलेच नाही. अशा संस्थेला सरकारला चार अप्रिय गोष्टी सुनावणे शक्य होत नाही आणि योजना यशस्वी झाली की नाही याचा खरा पडताळाही ती घेऊ शकत नाही. प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६७ मध्ये जवळजवळ हेच मत मांडले आणि त्यानुसार मंडळ नव्याने बनवले गेले. पंतप्रधान इंदिरा गांधी अध्यक्ष, अर्थमंत्री मोरारजी देसाई सभासद; बाकीचे पूर्णवेळ सभासद मंत्री नसलेले. पतपाहणीतील गाडगीळांचे जुने सहकारी बी. वेंकटप्पय्या यांचाही त्यांत समावेश होता.

भावनियंत्रणाच्या बाबतीत मात्र गाडगीळांच्या भूमिकेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९४७ साली वस्तुमूल्य मंडळावर असताना त्यांनी आणि गोरवाला यांनी धान्यावरील नियंत्रणे एकदम उठवू नयेत असा सल्ला दिला होता. तो डावलून नियंत्रणे उठवली गेली, भाव भडकले आणि वर्षाच्या आत ती पुन्हा आणावी लागली. तेव्हा गाडगीळ बरोबर ठरले. परंतु धान्याच्या व्यापारात सरकारने खोलवर उतरावे या त्यांच्या आग्रहात शासनयंत्रणेच्या कुवतीबद्दल जो विश्वास होता तो पुढच्या अनुभवाने खरा ठरवला नाही. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला आणि वर्षभरातच हात पोळून तो सोडून दिला. अर्थात ते उतावळे पाऊल आणि गाडगीळांना अभिप्रेत असलेली टप्प्याटप्प्याची व्यवस्था यांत फरक आहे. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही.

आता दिल्लीतील पावणेचार वर्षांकडे वळले पाहिजे. १९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली होती. तोवर राज्यांच्या योजनांना केंद्राकडून मिळणारी मदत एकेका कार्यक्रमाला जोडलेली असे. एका कार्यक्रमाला अनुदान जास्त, दुसऱ्याला कर्ज जास्त. त्यामुळे राज्याला गरज कशाची आहे यापेक्षा कशाला अनुदान अधिक मिळते हे पाहून कार्यक्रम आखले जात. शिवाय कोणाच्या पदरात किती पडले हे दिल्लीतील वजनावर अवलंबून आहे, असा संशय कायमचा. एकाच पक्षाची सरकारे सर्वत्र होती तोवर हा संशय घरातल्या घरात राहिला. तमिळनाडूत, केरळात, बंगालमध्ये वेगळ्या पक्षांची सरकारे बसल्यावर तो चव्हाट्यावर येणार हे उघड होते.

गाडगीळांनी यावर जो उपाय काढला तो राष्ट्रीय विकास परिषदेतील चर्चांनंतर १९६९ पासून अमलात आला आणि गाडगीळ सूत्र या नावाने ओळखला जाऊ लागला. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड या तीन राज्यांची गरज प्रथम बाजूला काढायची. त्यांना मदतीचा शेकडा नव्वद हिस्सा अनुदान म्हणून द्यायचा. उरलेली रक्कम इतर राज्यांत वाटायची ती अशी : शेकडा साठ लोकसंख्येच्या प्रमाणात, दहा ज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी आहे अशाच राज्यांना, दहा राज्याने स्वतः कर उभारण्यासाठी केलेल्या प्रयत्नाप्रमाणे, दहा हाती घेतलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी, आणि उरलेले दहा राज्यांच्या खास अडचणींसाठी. मदतीचा तीस टक्के भाग अनुदान, सत्तर टक्के कर्ज, सर्वांना सारखाच.

कागदावर हे चार ओळींचे गणित आहे. पण चार ओळींत मावते म्हणूनच त्याचे महत्त्व. मुख्यमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या राज्याला काय मिळणार हे त्याचा अर्थसचिव दिल्लीला न जाता काढू शकत होता. संघराज्यात पैसा वाटताना मेहेरबानीची जागा नियमाने घ्यावी, ही गोष्ट घटनेतील वित्त आयोगाने करांच्या बाबतीत केली होती. योजनेच्या पैशाच्या बाबतीत ती गाडगीळांनी केली. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सरासरीपेक्षा अधिक असल्यामुळे गरीब राज्यांसाठी राखलेल्या दहा टक्क्यांतून त्यांच्या स्वतःच्या राज्याला काहीच मिळणार नव्हते, हेही नमूद करण्यासारखे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीची अभ्यासपूर्ण मांडणी करणाऱ्यांत जे अग्रभागी होते, त्यांनीच हे सूत्र बांधले होते.

सूत्रात दोष नव्हते असे नाही. साठ टक्के वाटप डोक्यांच्या संख्येवर झाल्याने बिहार, ओरिसासारख्या राज्यांना मागासलेपणाचा म्हणून जो आधार मिळायला हवा होता तो अपुरा पडला. गरिबीसाठी राखलेले दहा टक्के फारच थोडे होते. अपुऱ्या मोठ्या प्रकल्पांना मिळालेला हिस्सा तर ज्यांनी आधीच धरणे बांधायला घेतली होती त्यांच्याच वाट्याला जाणार. सर्वांना सत्तर टक्के कर्ज म्हणजे गरीब राज्यांच्या डोक्यावर व्याजाचा बोजा. १९८० साली दरडोई उत्पन्नाचे वजन दहावरून वीस करण्यात आले ते यामुळेच. पण त्याहून मोठा घाव दुसरीकडून बसला. केंद्रपुरस्कृत योजनांवरचा खर्च राज्यांना देण्यात येणाऱ्या मदतीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याहून अधिक नसावा, असे तेव्हा ठरले होते. पुढच्या काळात याच योजना फुगत गेल्या आणि सूत्राबाहेरचा पैसा सूत्रातल्या पैशाहून मोठा झाला. दाराला कुलूप लावले आणि भिंतीला खिडक्या पाडल्या, तसे. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन मंडळाच्या जागी नीती आयोग आला. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा करातील वाटा ४२ टक्के केला आणि त्याच वर्षापासून गाडगीळ सूत्रानुसार दिली जाणारी मदत बंद झाली. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि तेरावी निघाली नाही. केंद्रपुरस्कृत योजना मात्र राहिल्या, आणि त्यांचे वाटप कोणत्या नियमाने व्हावे हा १९६७ चा प्रश्नही राहिला.

गाडगीळांचे दुसरे काम बँकांचे. १९६९ च्या जुलैमध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच्या आधीपासूनच त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगट बँकांचे जाळे तपासत होता. देशातील शेकडा एका खेड्यातसुद्धा व्यापारी बँकेची शाखा नाही, असे त्यांना आढळले. प्रत्येक जिल्ह्याची पाहणी करून तेथील कर्जाची गरज आणि शाखांच्या जागा ठरवाव्यात, ही त्यांची शिफारस. त्यातून वर्षअखेर अग्रणी बँक योजना निघाली आणि ती आजही चालू आहे. त्याच सुमारास जिल्हा योजना कशा कराव्यात याची मार्गदर्शिकाही मंडळाने राज्यांना पाठवली. लोणीला जे शिकले ते प्रत्येक जिल्ह्यात करून पाहण्याची ही धडपड होती. ती बव्हंशी कागदावर राहिली. जिल्ह्यात हिशेब करणारी माणसे नव्हती, आणि राज्याच्या राजधान्यांना दिल्लीकडून अधिकार हवे होते पण जिल्ह्यांना द्यायचे नव्हते.

चौथी योजना १९६९ ते १९७४ या काळाची. स्थैर्यासह विकास आणि स्वावलंबन, हे तिचे घोषित हेतू. वाढीचे उद्दिष्ट वर्षाला ५.७ टक्के. सवलतीच्या धान्याची आयात १९७१ पर्यंत थांबवायची, धान्याचा राखीव साठा करायचा, परकीय मदत योजनेच्या अखेरीस निम्म्यावर आणायची. योजना फारच लहान आणि भित्री आहे, अशी टीका झाली. जे साधन हाती नाही ते आहे असे धरून गाडगीळ आकडे फुगवू इच्छित नव्हते. तिची फलश्रुती संमिश्र आहे. अमेरिकन धान्याची सवलतीची आयात १९७१ च्या अखेरीस खरोखरच बंद झाली; पाच वर्षांपूर्वी जहाजे मोजणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. पण अखेरच्या वर्षासाठी १२ कोटी ९० लाख टन धान्याचे जे लक्ष्य होते त्याऐवजी साडेदहा कोटी टनांच्या आसपासच पीक आले. बांगलादेशातून सुमारे एक कोटी निर्वासित आले, युद्ध झाले, १९७२ चा दुष्काळ पडला, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. अखेरच्या वर्षात घाऊक भाव सुमारे वीस टक्क्यांनी चढले, म्हणजे योजनेच्या नावातील स्थैर्यच हरवले. वाढीचा वेग ३.३ टक्के राहिला. या अपयशातील बराच भाग दैवाचा आणि युद्धाचा होता. सगळा नव्हे. भावांचे धोरण आणि खालची संघटना या ज्या दोन गोष्टींवाचून योजना लंगडी राहते असे गाडगीळ म्हणत आले होते, त्या दोन्ही त्यांच्या स्वतःच्या योजनेतही कच्च्याच राहिल्या होत्या.

योजनांची फळे कोणाला मिळाली याचे उत्तरही त्यांच्याच संस्थेतून आले. गोखले संस्थेतील त्यांचे उत्तराधिकारी प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. १९६०-६१ साली ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे चाळीस टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे पन्नास टक्के लोकांना पुरेसे अन्नही परवडत नव्हते, आणि नंतरच्या दशकातील वाढ मुख्यतः वरच्या थरांकडे गेली, असे त्या दोघांनी आकड्यांनिशी दाखवले. घरोघर जाऊन मोजण्याची जी शिस्त गाडगीळांनी लावली होती, तिनेच त्यांच्या उपाध्यक्षपदाच्या काळात योजनांचा हा ताळेबंद देशापुढे ठेवला.

दोनच महिन्यांनी लोकसभेच्या निवडणुका झाल्या. गरिबी हटवण्याच्या घोषणेवर इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळाले आणि मंडळाची पुन्हा रचना करण्याचे ठरले. नियोजनमंत्रीच मंडळाचा उपाध्यक्ष असावा अशी नवी व्यवस्था आली आणि सी. सुब्रह्मण्यम त्या जागी आले. मंत्री आणि तज्ज्ञ यांना वेगळे ठेवण्याचा १९६७ चा प्रयोग चार वर्षेही टिकला नाही. गाडगीळांनी पद सोडले. दिल्लीतील बिऱ्हाड आवरून ते पुण्यास निघाले, आणि ३ मे १९७१ रोजी त्या परतीच्या प्रवासातच त्यांचे निधन झाले.